मेलियेस दोर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेलियेस दोर म्हणजे नेमकं काय?

युरोपात तयार झालेल्या विज्ञानपट, अद्भुतपट आणि भयपटांना दर वर्षी दिला जाणारा पुरस्कार. नावाचा अर्थ ‘सोन्याचा मेलियेस’. तो मेलियेस इंटरनॅशनल फेस्टिव्हल्स फेडरेशन ही संघटना देते. ब्रुसेल्समध्ये बस्तान असलेली ही संघटना १९८७ साली सुरू झाली, तेव्हा तिचं नाव युरोपियन फँटास्टिक फिल्म फेस्टिव्हल्स फेडरेशन असं होतं. पुरस्कार १९९६पासून दिला जातो. एक पूर्ण लांबीच्या चित्रपटाला मिळतो आणि एक लघुपटाला.

अर्ज कुठे करायचा?

कुठेच नाही. आमच्याकडे सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे. मेलियेस दोरसाठी थेट प्रवेशिका घेतल्याच जात नाहीत. तुम्ही अर्ज करता तो संघटनेच्या एखाद्या सदस्य महोत्सवाकडे. त्या महोत्सवाने चित्रपट निवडला, त्याच्या युरोपीय स्पर्धेत ठेवला आणि तिथे तो जिंकला, तर त्याला ‘मेलियेस दार्जां’ म्हणजे चांदीचा मेलियेस मिळतो. वर्षभरातले चांदीवाले सगळे चित्रपट मग सोन्यासाठी एकमेकांसमोर उभे राहतात आणि त्यांतला एक विजेता ठरतो. कबड्डीत जिल्हा जिंकल्याशिवाय राज्य स्पर्धा खेळता येत नाही, तसंच हे आहे.

एखादं खरं उदाहरण?

तोमास आल्फ्रेडसन या दिग्दर्शकाचा ‘लेट द राइट वन इन’ हा २००८चा स्वीडिश चित्रपट. स्टॉकहोमच्या बर्फाळ उपनगरात राहणारा बारा वर्षांचा मुलगा आणि शेजारी राहायला आलेली रक्तपिपासू ‘मुलगी’ यांची ती कथा आहे. त्याला स्वीडनमधल्याच लुंड शहराच्या फँटास्टिक चित्रपट महोत्सवात चांदीचा मेलियेस मिळाला आणि पुढे सोन्याचाही. लुंड हे कान किंवा व्हेनिससारखं जगाच्या तोंडी असलेलं नाव नाही, तरीही तिथून वाट सोन्यापर्यंत गेली. छोट्या महोत्सवाला कमी लेखू नका, असं आम्ही सांगतो ते यामुळेच.

हा मेलियेस कोण?

जॉर्ज मेलियेस. जन्म पॅरिसमध्ये, ८ डिसेंबर १८६१. पेशाने जादूगार. १८८८मध्ये त्याने रोबेर-उदँ हे जादूच्या खेळांचं थिएटर विकत घेतलं. २८ डिसेंबर १८९५ला ल्युमिएर बंधूंनी पॅरिसमध्ये चित्रपटांचा खेळ केला, तेव्हा तो प्रेक्षकांत होता. पुढे मोंत्रेय इथे त्याने काचेच्या छताचा स्टुडिओ बांधला आणि पाचशेच्या वर चित्रपट काढले. १९०२मधला चंद्रावरच्या स्वारीचा चित्रपट सर्वांना माहीत असतो, निदान त्यातला डोळ्यात यान घुसलेला चंद्र तरी. कॅमेरा थांबवायचा, समोरचा माणूस बाजूला करायचा आणि पुन्हा सुरू करायचा, म्हणजे पडद्यावर माणूस क्षणात गायब होतो. ही करामत त्याने इतक्या तऱ्हांनी वापरली की ती त्याच्याच नावाने ओळखली जाऊ लागली. नंतर तो कर्जात बुडाला, हाताशी होत्या त्या निगेटिव्ह त्याने स्वतः जाळल्या आणि मोंपार्नास स्टेशनात खेळणी-गोळ्यांचं दुकान चालवलं. १९३८मध्ये तो वारला.

मराठी वाचकाला इथे दादासाहेब फाळके आठवणारच. फाळकेही जादूचे प्रयोग करत, तेही ‘प्रोफेसर केल्फा’ या नावाने. केल्फा म्हणजे फाळकेच, उलटे वाचलेले. सिनेमातल्या चमत्काराकडे दोघेही मुळात जादूगाराच्या हातचलाखीने पोचले.

‘फँटास्टिक’ म्हणजे ‘फँटसी’च ना?

नाही. आणि या गोंधळापायी लोक चुकीच्या विभागात चित्रपट पाठवतात. फ्रेंच, स्पॅनिश, इटालियन वापरात ‘फँटास्टिक’ हे मोठं छत्र आहे. त्याखाली भूत, राक्षस, अंतराळ, समांतर विश्व, वेड लावणारं स्वप्न, सगळं येतं. आपल्याकडच्या रसांच्या भाषेत सांगायचं तर अद्भुत, भयानक आणि बीभत्स हे तिघे एकाच घरात नांदतात. निव्वळ गुन्हेगारी थरारपट मात्र काठावर राहतो. काही महोत्सव तो घेतात, काही घेत नाहीत. वास्तवाच्या नियमाला कुठे तरी तडा जायला हवा, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

कोणकोणते महोत्सव, आणि केव्हा?

सदस्यांची यादी वर्षागणिक थोडी बदलते. म्हणून अर्ज भरण्याआधी संघटनेच्या त्या वर्षीच्या यादीवर नजर टाका. मुख्य ठिकाणं अशी: एप्रिलमध्ये ब्रुसेल्स, जुलैमध्ये स्वित्झर्लंडमधलं न्यूशातेल, सप्टेंबरमध्ये फ्रान्समधलं स्ट्रासबूर आणि लिस्बनचा मोटेलेक्स, ऑक्टोबरमध्ये बार्सिलोनाजवळचं सिट्जेस, ऑक्टोबर संपता-संपता किंवा नोव्हेंबरात इटलीतलं त्रिएस्ते.

यांचे स्वभाव अगदी निरनिराळे आहेत. सिट्जेसचा महोत्सव १९६८पासूनचा आणि सर्वांत दबदब्याचा. समुद्रकाठचं ते छोटं गाव त्या दिवसांत पूर्ण भरून जातं, रस्त्यात झॉम्बी फिरतात. तिथला मुख्य पुरस्कार ‘मारिया’ आहे. मेलियेस त्याहून वेगळा, हे विसरू नका. त्रिएस्तेचा जीव विज्ञानपटांत आहे. त्या शहरात १९६३ ते १९८२ विज्ञानपटांचा महोत्सव भरत असे, आजचा महोत्सव त्याचाच वारसा सांगतो. लिस्बनमध्ये लघुपटांची मेलियेस स्पर्धा पोर्तुगीज भयपटांपुरती असते. दुसऱ्या देशाचा लघुपट तिथे त्यासाठी पाठवणं म्हणजे टपालखर्च वाया.

ब्रुसेल्सविषयी सावध करायला हवं. तिथला प्रेक्षक बोलका आहे. पडद्यावर दार उघडलं की सगळं सभागृह ‘दार!’ म्हणून फ्रेंचमध्ये ओरडतं, चंद्र दिसला की कोल्हेकुई सुरू. रक्ताने माखलेल्या विनोदी भयपटाला यासारखा प्रेक्षक नाही. पण संथ, शांततेवर उभा असलेला चित्रपट तिथे दाखवणार असाल, तर मनाची तयारी ठेवा.

सोन्यासाठीचं ‘वर्ष’ कधी ते कधी?

कॅलेंडर वर्षाप्रमाणे नाही. सोन्याचा निकाल अलीकडे बहुधा ऑक्टोबरमध्ये सिट्जेसला जाहीर होतो. त्यामुळे त्यानंतर, म्हणजे त्रिएस्तेसारख्या उशिराच्या महोत्सवात मिळालेली चांदी पुढच्या वर्षाच्या सोन्यासाठी धरली जाते. नोव्हेंबरात जिंकलात तर जवळजवळ वर्षभर थांबावं लागतं. वितरकाशी बोलणी करताना हे आधीच सांगून ठेवा. नाही तर ‘निकाल कुठाय?’ असे फोन डिसेंबरपासून सुरू होतात.

चित्रपट ‘युरोपीय’ आहे हे कसं ठरतं?

दिग्दर्शकाच्या पासपोर्टवरून ठरत नाही, निर्मितीच्या देशावरून ठरतं. प्रवेशिकेत ‘निर्मितीचा देश’ असा रकाना असतो. तिथे चित्रीकरणाचा देश लिहिणारे खूप आहेत, आणि त्या एका रकान्यापायी चांगला चित्रपट चुकीच्या गठ्ठ्यात जातो. आइसलँडमध्ये चित्रीकरण केलं म्हणून चित्रपट आइसलँडचा होत नाही. निर्माता कंपनी कुठे नोंदलेली आहे आणि पैशाचा वाटा कोणाचा किती, ते पाहिलं जातं. सहनिर्मिती असेल तर देश वाट्याच्या उतरत्या क्रमाने लिहा आणि टक्केवारीचा कागद हाताशी ठेवा.

टक्केवारीखेरीज काही मोजमाप असतं का?

चित्रपटाचं युरोपीयपण मोजायचा एक जुना गुणतक्ता आहे, युरोप परिषदेच्या १९९२च्या सहनिर्मिती करारातला. तो मेलियेसचा नियम नाही. पण तिथले निर्माते आणि अनुदान देणाऱ्या संस्था याच भाषेत बोलतात, म्हणून समजून घ्या. एकूण गुण १९, लागतात १५. दिग्दर्शक युरोपीय असेल तर ३, तसेच पटकथाकार ३, संगीतकार १. पहिली भूमिका ३, दुसरी २, तिसरी १. कॅमेरा, ध्वनी, संकलन, कलादिग्दर्शन, चित्रीकरणाची जागा आणि पोस्ट-प्रॉडक्शनची जागा यांना प्रत्येकी १. २०१७मध्ये करार सुधारला आणि तक्ताही बदलला, पण हिशेबाची रीत तीच.

आता हाताने हिशेब करून पाहा. समजा दिग्दर्शक पुण्याची, बाकी सगळं पथक पोलंडचं. १९मधून ३ गेले, उरले १६. चाललं. तिसऱ्या भूमिकेत मराठी नट घेतला तर १५, म्हणजे काठावर पास. पण त्याऐवजी नायिकाच मुंबईची घेतली तर १६ वजा ३ म्हणजे १३, आणि गाडी अडली. कथेची गरज दाखवून अशा वेळी सूट मागता येते, पण ती त्या देशांच्या अधिकाऱ्यांच्या मर्जीवर. बहुतेक जण पटकथा लिहून झाल्यावर हा तक्ता उघडतात. तो नटांची निवड करण्याआधी उघडायचा असतो.

भारतीय किंवा मराठी चित्रपटाला मेलियेस मिळू शकतो का?

निव्वळ भारतीय निर्मितीला नाही. सहनिर्मितीचा रस्ता मात्र खुला आहे. फ्रान्स, जर्मनी, इटली, स्पेन, पोलंड, पोर्तुगाल आणि ब्रिटन यांच्याशी भारताचे सरकारी सहनिर्मिती करार आहेत. त्यांखाली मान्यता मिळाली की चित्रपट दोन्ही देशांत ‘आपला’ मानला जातो. लहान भागीदाराचा किमान वाटा बहुतेक करारांत २० टक्क्यांच्या आसपास असतो. मान्यतेचा अर्ज चित्रीकरण सुरू होण्याआधी करावा लागतो. शूटिंग उरकून मग करार जोडू म्हणाल तर उपयोग नाही. आणि कागदावर सहनिर्मिती झाली तरी महोत्सव बहुसंख्य वाटा कोणाचा ते बघतोच, म्हणून अर्जाआधी महोत्सवाला ई-मेल करून विचारा.

मेलियेस नाही म्हणून हे महोत्सव बंद, असं मात्र समजू नका. त्यांच्या इतर विभागांना देशाचं बंधन नसतं. राही अनिल बर्वे दिग्दर्शित ‘तुंबाड’, कोकणातल्या एका वाड्याच्या पोटात शिरणारा, २०१८मध्ये व्हेनिसच्या क्रिटिक्स वीकमध्ये गेला आणि त्याच वर्षी सिट्जेसलाही दाखवला गेला. शिवाय दक्षिण कोरियातल्या बुचॉनच्या फँटास्टिक महोत्सवात याच संघटनेच्या नावाने सर्वोत्कृष्ट आशियाई चित्रपटाचा पुरस्कार असतो. मराठी भयपटाने आधी तिकडे बघावं, असं आमचं मत.

मी युरोपातल्या चित्रपटशाळेत शिकतो. माझा लघुपट चालेल?

बहुतेक वेळा हो. पदवीपटाची निर्माती शाळाच असते, त्यामुळे निर्मितीचा देश तिचाच. फक्त दोन गोष्टी तपासा. हक्क शाळेकडे असतील तर प्रवेशिका शाळेच्या वितरण विभागाने भरायची का? आणि शाळेने तुमच्या आधीच ती भरली आहे का? एकाच लघुपटाच्या दोन प्रवेशिका, दोन वेगवेगळ्या लांबीच्या, असा घोळ नेहमीचा आहे.

प्रवेशिका भरण्याची पद्धत काय?

बहुतेक ठिकाणी ऑनलाइन फॉर्म आणि पासवर्डची लिंक. लिंक किमान महोत्सव संपेपर्यंत चालू राहील अशी ठेवा. निवड समिती तुमचा चित्रपट अर्ज केल्यावर तीन महिन्यांनीही उघडू शकते आणि ‘लिंक कालबाह्य’ दिसली की पुढचा चित्रपट लावते. त्याच लिंकवर फाइल बदलायची तर पासवर्ड तोच ठेवा. सारांश दोन ओळींचा, शेवट फोडणारा नको. प्रीमिअरचा इतिहास खरा लिहा. इंग्रजी सबटायटल नसलेली प्रत पाठवू नका, ‘नंतर पाठवतो’ ही टीप कोणी वाचत नाही. लघुपटाची कमाल लांबी महोत्सवागणिक वेगळी असते, ती शीर्षकं आणि नामावली धरून मोजली जाते.

सबटायटलचं काय चुकतं?

दर वर्षी तेच, फ्रेमचा वेग. टीव्हीच्या सवयीने २५ फ्रेमवर संकलन होतं आणि थिएटरची प्रत २४वर निघते. १०० मिनिटांचा चित्रपट मग १०४ मिनिटं १० सेकंदांचा होतो, पण सबटायटलची फाइल जुन्याच वेळेवर पळत राहते. पहिल्या काही सेकंदांत कोणाच्या लक्षात येत नाही. शेवटच्या प्रसंगात खुनी तोंड उघडायच्या चार मिनिटं आधीच त्याची कबुली खाली वाचून होते. २३.९७६ आणि २४ची गल्लत याहून छुपी: १०० मिनिटांच्या शेवटी सहा सेकंदांचा फरक. म्हणून तपासणी नेहमी शेवटच्या संवादावर करा.

अनेक महोत्सव इंग्रजी सबटायटलच्या जोडीला स्थानिक भाषेतला मजकूर वेगळ्या प्रोजेक्टरने पडद्याखाली दाखवतात. त्यासाठी ते वेळेसह संवादयादी मागतात. ती अंतिम प्रतीवरूनच बनवलेली हवी. किंकाळी, कुजबुज, रेडिओवरची बातमी, भिंतीवर लिहिलेले शब्द, सगळं त्यात हवं. भयपटात भिंतीवरचं वाक्य सुटलं तर कथेचा दोराच तुटतो.

थिएटरची प्रत कशी द्यायची?

डीसीपी (थिएटरच्या प्रोजेक्टरसाठीची डिजिटल प्रत), २के रिझोल्यूशन, २४ फ्रेम, ५.१ ध्वनी. एवढं असेल तर कुठेही अडत नाही. शक्य असल्यास कुलूप न लावलेली द्या. कुलूप लावायचंच तर केडीएम, म्हणजे डिजिटल किल्ली, वेळेच्या हिशेबाने काढा. उदाहरण घ्या. सिट्जेसला ऑक्टोबरच्या पूर्वार्धात घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं. मुंबईच्या लॅबने किल्लीची मुदत भारतीय वेळेनुसार मध्यरात्रीपर्यंत दिली, तर ती तिथे रात्री साडेआठला संपते. तुमचा खेळ नऊचा. प्रेक्षक बसलेले, पडदा काळा. किल्लीला खेळाच्या आधी आणि नंतर निदान एकेक दिवस मोकळा ठेवा. आणि ती त्याच सभागृहाच्या सर्व्हरची आहे ना, हे पाहा. आयत्या वेळी सभागृह बदलणं नेहमीचं.

आवाजाचंही तसंच. छोट्या खोलीत मिक्स केलेल्या भयपटाचे दचके मोठ्या सभागृहात कानठळ्या बसवतात. प्रोजेक्शनिस्ट फेडर, म्हणजे आवाजाचं बटण, ७वरून ५वर आणतो, आणि मग कुजबुजीतले संवाद ऐकूच येत नाहीत. मोठ्या पडद्यावर एकदा तरी पूर्ण चित्रपट ऐकून घ्या.

निमंत्रण आलं. व्हिसाचं काय?

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून आणि फार तर १५ दिवस आधीपर्यंत करता येतो. शेवटची तारीख गाठू नका. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. महोत्सवाच्या पत्रात तुमचं नाव पासपोर्टप्रमाणे हवं, वडिलांच्या नावासकट. मराठी नावांची अडचण इथेच होते, पोस्टरवर वेगळं आणि पासपोर्टवर वेगळं. ब्रिटनमधल्या महोत्सवासाठी हा व्हिसा चालत नाही, तिथला निराळा. सिट्जेससाठी बार्सिलोनाला उतरा, सान्त्स स्टेशनातून लोकलने साधारण ४० मिनिटं.

रोख बक्षीस किती?

रोख रकमेसाठी या पुरस्कारामागे कोणी धावत नाही. मिळते ती मूर्ती, नाव आणि त्या नावावर पुढच्या महोत्सवांकडून येणारी निमंत्रणं. खरं सांगायचं तर आमच्या मते पहिल्या चित्रपटाला चांदीच जास्त उपयोगी पडते. ती लवकर मिळते आणि चित्रपट ताजा असतानाच विक्रीला हातभार लावते. सोनं येईपर्यंत अनेकदा हक्क विकून झालेले असतात.

‘प्री मेलियेस’ हाच का?

नाही. प्री मेलियेस हा फ्रेंच समीक्षकांच्या संघटनेचा पुरस्कार, सर्वोत्कृष्ट फ्रेंच चित्रपटाला, तोही कुठल्याही प्रकारच्या. अमेरिकेतल्या व्हिज्युअल इफेक्ट्स सोसायटीचाही मेलियेसच्या नावाने एक सन्मान आहे. जेरारमेर हा फ्रान्समधला नामांकित भयपट महोत्सव, १९७३ ते १९९३ चाललेल्या आव्होरियाझचा वारसदार, पण तिथला ग्राँ प्री, म्हणजे मुख्य पुरस्कार, वेगळा. आणि अमेरिकेतले सॅटर्न पुरस्कार याच प्रकारच्या चित्रपटांसाठी असले, तरी त्यांचा या संघटनेशी संबंध नाही.

पोस्टरवर काय लिहायचं?

जे मिळालं तेच. स्पर्धेत निवड झाली असेल तर ‘मेलियेस दार्जां स्पर्धेत निवड’. चांदी जिंकली तर ‘मेलियेस दार्जां’, सोबत महोत्सवाचं नाव आणि वर्ष. ‘मेलियेस दोर नामांकन’ हे शब्द चांदी हातात पडल्यावरच. लॉरेलची, म्हणजे पोस्टरवरच्या पानांच्या चिन्हाची, फाइल महोत्सवाकडून मागून घ्या, इंटरनेटवरून उचलून स्वतः जुळवू नका. उच्चार ‘मेलियेस’, शेवटचा स उच्चारायचा. ‘मेलिए’ म्हणणारे सूत्रसंचालक भेटतील. मुलाखतीआधी त्यांच्या कानावर घालून ठेवा.